ओच्यात मावणारे रंग

चैत्र सरत आला की कोलकात्यात दुपार कलता कलता वारा एकदम पडतो. नारळाची झावळी हलत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पंख्याखाली बसलं तरी मानेवरून घाम ओघळत राहतो. मग वायव्येकडे आभाळ काळवंडायला लागतं आणि बघता बघता वादळ शहरावर येऊन आदळतं. आपल्याकडचा वळीवच हा, पण इथे त्याला कालबैशाखी म्हणतात आणि त्याचं कौतुक नव्या जावयासारखं करतात. आमच्या इमारतीतली मंडळी गच्चीवर धावतात, पोरं नाचतात, माझी सून मोबाइलवर ढगांचे फोटो काढते. मी खिडक्या लावून घेते आणि आत बसते. सून म्हणते, आई, तुम्ही फार अरसिक. असेन. पण मला वादळाची भीती नाही, धास्ती वाटते ती आधीच्या पडलेल्या वाऱ्याची.

वारा पडला की माझ्या मनात पहिला विचार येतो, आता कागद वाळणार नाही.

कुठला कागद, तो कशाला वाळायला हवा, हे या घरात कुणाला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या बाईला असल्या गोष्टी कुणी खोदून विचारतही नाही. पण दरवर्षी हा महिना आला की नातवंडांच्या परीक्षांच्या गडबडीत मला एक वेगळीच परीक्षा आठवते. ती माझी नव्हती, माझ्या आईची होती.

पन्नास साल उलटून गेलं होतं. बाबांची केंद्र सरकारातली नोकरी, नागपूरहून बदली होऊन आम्ही इथे आलो होतो. बेहालात तळ्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तेव्हाचं बेहाला म्हणजे ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे नुसती तळी, बांबूची बनं आणि फाळणीमुळे पूर्वेकडून आलेल्या लोकांच्या नव्या, घाईघाईने उभारलेल्या झोपड्या. तिथे एका पावसाळ्यात बाबा टायफॉइडने गेले. मी चौदा वर्षांची होते, आई छत्तीसची. मिरजेहून काकांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं पत्र आलं की शालूची, म्हणजे माझी, परीक्षा झाली की मी येतो आणि दोघींना घेऊन जातो. शेजारपाजारचे दोनचार मराठी लोक म्हणाले, नशीबवान आहात, असा दीर मिळायला भाग्य लागतं. ते खरंच होतं. काका देवमाणूस होते. आणि देवमाणसाला नाही कसं म्हणायचं हे आईला सुचत नव्हतं.

कारण तिला जायचं नव्हतं. मिरजेच्या घरात तिला कुणी वाईट वागवलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिची एक आत्या अशीच भावाच्या घरी राहिली होती. घरातले सगळे आत्याशी चांगलं वागत, तिला वेळेवर लुगडं आणत, पोरं तिच्या मांडीवर वाढली. पण आत्याला जेवणात काय आवडतं, असं कुणाला विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. ही गोष्ट आईने मला अगदी सहज, डाळ निवडता निवडता सांगितली होती, आणि नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

सुटकेची एक फट दिसली ती माझ्या भूगोलाच्या नकाशामुळे. शाळेत हिंदुस्थानचा नकाशा रंगवून न्यायचा होता. मी समुद्र रंगवायला बसले आणि नेहमीसारखे पट्टे पट्टे उठवले. आईने ब्रश माझ्या हातातून घेतला, दुसरा कागद पुढे ओढला, तो जरासा तिरका धरला आणि अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत एकच निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, असा खाली उतरवला की कुठे जोड दिसेना. मी बघतच राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझे आजोबा, आईचे वडील, मिरजेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते एवढंच नव्हे, तर आई लग्नाआधी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा पास झाली होती, आणि आजोबांबरोबर कृष्णाकाठी बसून चित्रं काढत असे. लग्नात सासरी काय काय न्यायचं याची चर्चा झाली तेव्हा आजोबांच्या लाकडी रंगपेटीचा विषयच निघाला नाही, म्हणे. ती माहेरीच राहिली.

तो नकाशा आमच्या बडदींनी पाहिला. इथे मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेला बडदी, म्हणजे थोरली ताई, म्हणतात. आमच्या बडदी ढाक्याकडून एका ट्रंकेनिशी आल्या होत्या आणि कुणाची भीडभाड ठेवत नसत. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई नुकत्याच लग्न होऊन गेल्या होत्या. बडदींनी आईला बोलावून घेतलं. जागा आहे, म्हणाल्या, पण माझी अट आहे. छापील पुस्तकातला आंबा बघून आंबा काढायचा हा प्रकार मला बंद करायचा आहे. येईल त्या बाईने मुलींना बाहेर न्यायचं, तळ्याकाठी, बांबूच्या बनात, आणि आधी स्वतः त्यांच्यासमोर काढून दाखवायचं. तुम्हाला उघड्यावर, लोकांसमोर चित्र काढता येतं का? आई हो म्हणाली. चार चित्रं घेऊन या, बडदी म्हणाल्या.

घरी येताना आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातात ब्रश धरून सोळा-सतरा वर्षं झाली होती, आणि घरात रंगाची एक वडीदेखील नव्हती.

रंगपेटी घ्यायला आम्ही ट्रामने धरमतल्याला गेलो तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. दुकान अरुंद, थंड, आत तेलाचा आणि कागदाचा वास. दुकानदार म्हातारा, जाड चष्मा, नऊवारीतल्या बाईकडे नवलाने बघणारा. त्याने आधी शाळकरी पोरांची पत्र्याची पेटी पुढे केली. आईने मान हलवली. मग त्याने एक मोठी काळी पेटी उघडली. आत चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या वड्यांच्या दोन लांब रांगा, झाकणाला पांढरं इनॅमल, ब्रशांसाठी वेगळी खाच. मी तर हरखूनच गेले. ही घे, ही घे, म्हणून आईचा पदर ओढू लागले. आईने ती पेटी दोन्ही हातांवर तोलली, क्षणभर तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता घेणार, आणि परत ठेवली. ही घेऊन बसायला टेबल लागेल, म्हणाली.

तिने जी उचलली ती पेटी तळहाताएवढी होती. पत्र्याची, काळी, आत आठ घरं आणि तीही रिकामी. तळाशी एक कडी, अंगठा अडकवायला. आईने डाव्या हाताचा अंगठा त्या कडीत घातला आणि पेटी उघडून हात हलवून पाहिला. बिजागरी ढिली नाही ना, हे झाकण दहादा उघडमीट करून पाहिलं. झाकणातल्या खळग्यांवरून बोट फिरवलं, कुठे कपचा उडाला आहे का ते बघायला. दुकानदार वैतागत चालला होता. मग तिने जे केलं ते पाहून तो बोलायचाच थांबला. तिने पेटी मिटली, लुगड्याच्या ओच्यात खोचली आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली. पेटी पडली नाही, टोचली नाही, बाहेरून दिसलीही नाही. मग ती म्हणाली, ही द्या.

मला त्या वेळी भारी लाज वाटली होती. आता त्यातला शहाणपणा कळतो. ओचा म्हणजे काय हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. नऊवारीचा पुढचा घोळ वर घेऊन कमरेशी खोचला की पोटाशी एक खोळ तयार होते. त्यात बायका फुलं आणत, शेंगा आणत, चिंचा आणत. दोन्ही हात मोकळे राहतात. विधवा होऊन वर्षही न झालेली बाई, परका मुलूख, तळ्यावर माणसांची येजा. काखेत पेटी मारून चित्रं काढायला निघालेली बाई पहिल्याच दिवशी चर्चेचा विषय झाली असती. ओच्यात काय आहे असं मात्र कुठल्याही गावात कुणी बाईला विचारत नाही. देवाला फुलं आणायला म्हणून ती सकाळी बाहेर पडे, आणि खरोखरच येताना फुलंही आणी.

आता प्रश्न होता आठ घरांत कोणते आठ रंग भरायचे. ट्यूबमधला रंग घरात पिळायचा, वाळू द्यायचा, की झाली वडी. माझ्या मते हा जगातला सगळ्यात सोपा प्रश्न होता. इंद्रधनुष्यात सात असतात, वर काळा घ्यावा. आई दोन रात्री त्यावर विचार करत होती. मोठ्या पेटीत चूक खपते, ती म्हणाली, लहान पेटीत एक रंग चुकला की तो प्रत्येक चित्रात चुकतो. अखेर तिने ठरवले ते आजोबांनी शिकवलेले. गॅम्बोज हा पिवळा, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना आणि सेपिया हे चार मातकट, क्रिमसन लेक हा लाल, कोबाल्ट आणि इंडिगो हे निळे. हिरवा एकही नाही. हिरवा विकत घ्यायचा नसतो, मिसळून करायचा असतो, हा आजोबांचा दंडक होता.

रंग भरून पेटी खिडकीत वाळत ठेवली आणि सकाळी पाहतो तो लाल मुंग्यांची रांग लागलेली. रंगांत मध असतो, ते आम्हाला माहीत होतं पण सुचलं नव्हतं. बंगालच्या मुंग्यांना मात्र बरोबर सुचलं. गॅम्बोजला एका बाजूने चांगलंच भगदाड पडलं होतं. तेव्हापासून पेटी, लाडवाचा डबा ठेवतात तशी, पाणी भरलेल्या ताटात वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवायची असं ठरलं.

चार चित्रं झाली. माझा परीक्षेचा पुठ्ठा मला लागायच्या आधी, पहाटेच, आई त्यावर कागद लावून नेई. मी पेपर लिहून यायची आणि ती तळ्यावरून यायची. दोघीही एकमेकींना कसा गेला म्हणून विचारायचो. चित्रं मला सुंदर वाटली. पाणी पाण्यासारखं, झाड झाडासारखं. बडदींनी ती टेबलावर ओळीने मांडली आणि इतका वेळ बघत बसल्या की मला घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मग म्हणाल्या, हात फार चांगला आहे. पण हे आमचं तळं नाही.

बडदी म्हणाल्या, हे कुठलं तरी दुसरं गाव आहे, तुमचं असेल. छान असेल. पण माझ्या निम्म्या मुली आपलं गाव कायमचं सोडून आल्या आहेत. आता समोर जे आहे ते त्यांना बघायला शिकवायचं आहे, आणि ते तुम्हालाच दिसत नसेल तर कसं? त्यांनी चित्रं परत दिली. माझा पडलेला चेहरा बघून असेल, किंवा आईचा ताठ चेहरा बघून असेल, जाता जाता म्हणाल्या की शनिवारी दुपारी शाळेमागच्या तळ्यावर या, माझ्यासमोर एक काढा. नाही जमलं तर या जागेसाठी आणखी एक बाई विचारून गेल्या आहेत, त्यांना मी कळवून टाकणार.

त्या संध्याकाळी आईने चारही चित्रं जमिनीवर मांडली आणि कितीतरी वेळ त्यांच्याभोवती फिरत राहिली. शेवटी मला बोलावून विचारलं, शालू, खरं सांग, हे कुठलं वाटतं? मी म्हटलं, सुट्टीत गेलो होतो ना, तिथलं. मिरजेचं.

चूक कळायला तिला मग वेळ लागला नाही. देशावर सगळं मातीतून सुरू होतं. झाड झालं तरी त्यावर धूळ असते, गवत पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर पिवळं असतं. तिथे वाढलेल्या चित्रकाराचा हात हिरवा कालवला की आपोआप बर्न्ट सिएनाकडे जातो, हिरव्याचा तोरा उतरवायला. आईचा हात सतरा वर्षांनंतरही तसाच जात होता. इथला हिरवा धुतलेला असतो, त्यात पाणी असतं, तो तोऱ्यातच असतो. आठांतली चार घरं तिने मातीला देऊन टाकली होती, आणि बेहालात माती दिसते कुठे? जिथे पाणी नाही तिथे पान आहे.

केसांतला आकडा काढून तिने घरं खरवडायला घेतली. लाइट रेड गेला, सेपिया गेला. बर्न्ट सिएनापाशी ती थांबली. मला वाटलं, एखादा ठेवेल. तो काढताना तिचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. आजोबांचा आवडता रंग, ती म्हणाली. पण पेटीत राहिला तर माझा हात जाणारच. आणि तिने तोही खरवडून काढला. त्या जागी लेमन यलो आला, प्रशियन ब्लू आला, आणि एका घरात चक्क तयार हिरवा, व्हिरिडियन. आजोबा असते तर आठ दिवस बोलले नसते.

प्रवासाची पेटी निवडायची म्हणजे काय न्यायचं ते ठरवायचं, असं लोकांना वाटतं. मीही आयुष्यभर बदलीच्या नोकरीतल्या नवऱ्यामागे ट्रंका भरल्या आणि सोडल्या, आणि मला विचाराल तर घ्यायचं ते सोपं असतं. जे हाताशी असलं की आपण चुकतो, ते मागे टाकणं कठीण. मला ते कधी नीटसं जमलं नाही.

काका ठरल्यापेक्षा लवकर आले. गुरुवारी सकाळी दारात उभे, हातात वळकटी आणि सांगलीच्या हळदीची पुडी, खिशात रविवारच्या गाडीची तीन तिकिटं. मला जवळ घेऊन रडले. बाबांचा कोट खुंटीवर होता त्याच्याकडे बघून पुन्हा रडले. आईने त्यांना काही सांगितलं नाही. मी रात्री कुजबुजत विचारलं तर म्हणाली, झालं तर सांगीन. नाही झालं तर सांगायचं काय?

ते तीन दिवस आमच्या दोन खोल्यांत दोन तयाऱ्या चालल्या होत्या. एकीकडे ट्रंका भरल्या जात होत्या. काका स्वतः दोऱ्या बांधत, भांड्यांत जुनी वर्तमानपत्रं कोंबत. दुसरीकडे आई पहाटे फुलांना जात होती आणि रोज थोडा जास्त वेळ लावत होती. काका उंबऱ्यात उभे राहून वाट बघत. एकदा त्यांचं लक्ष ताटातल्या पाण्यात वाटीवर ठेवलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या वस्तूकडे गेलं.

"वहिनी, लाडू केलेत वाटतं?" काकांनी कौतुकाने विचारलं.

"ते खायचं नाही, भाऊजी," आई म्हणाली. काकांना वाटलं देवाचा नैवेद्य असेल. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

त्याच दिवशी जेवताना ते म्हणाले की इथे राहायचा विचार तुमच्या मनात आला असेल तर मी समजू शकतो, पण दादाच्या माघारी तुम्हाला परमुलखात सोडून गेलो तर मी गावात तोंड कसं दाखवू? ते रागाने बोलत नव्हते. विनवत होते. आईने त्यांच्या पानात भात वाढला.

शनिवारी दुपारी ती शाळेतून शालूचा दाखला आणायला जाते असं सांगून निघाली. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा तर होताच, त्यामुळे काकांना शंका आली नाही. मी बरोबर होते. रस्त्यात आईने एकदा ओच्यावर हात ठेवून पेटी चाचपली. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की वारा पडला आहे.

ते तळं आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे, खाली औषधांचं दुकान आहे, पलीकडून मेट्रो जाते. मी कधी औषधं घ्यायला गेले की दुकानदार सुट्टे पैसे मोजत असताना पायांखाली पायऱ्या कुठून सुरू होत असतील याचा अंदाज घेते. त्या दिवशी त्या पायऱ्यांवर वीसेक मुली बसल्या होत्या, बडदी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. आई सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्यापाशी, उकिडवी बसली. पेटी काढली, अंगठा कडीत अडकवला, तळ्याच्याच पाण्यात ब्रश बुडवला. मुली खुदखुदल्या, मग गप्प झाल्या.

आभाळाचा पहिला वॉश तिने घातला तो सुरेख उतरला, पण वाळेना. कोरड्या दिवशी तो दोन मिनिटांत वाळला असता. ती पुठ्ठा तिरका धरून थांबली. कागदावर नुसती ओली चकाकी. त्या ओल्यावर झाडं टेकवली असती तर सगळा चिखल झाला असता. वायव्येकडे आभाळ काळं होत आलं होतं. मुलींमधून कुणीतरी म्हणालं, बाईंना येत नाही वाटतं. बडदींनी तिकडे नुसतं पाहिलं. आई फुंकर घालत होती, पदराने हलकेच वारा घालत होती, आणि कागद काही केल्या वाळत नव्हता. मी माझी नखं रक्त येईस्तोवर कुरतडली.

मग तिने वाट बघणं सोडलं. जिथे ओलं होतं तिथे तिने पलीकडचा काठ ओल्यातच उतरवला, व्हिरिडियन आणि इंडिगो, कडा पसरू दिल्या. आणि दिसलं ते असं की पलीकडचा काठ खरोखरच तसाच दिसत होता, वाफेत विरघळलेला, कडा नसलेला. जलपर्णीचा हिरवा तिने लेमन यलो आणि प्रशियनमधून असा काढला की मी मान वर करून पाण्याकडे बघितलं, तिने तिथूनच उचलला की काय म्हणून. बांबूच्या कुंपणासाठी तपकिरी हवा होता. तिचा ब्रश पेटीच्या एका कोपऱ्याकडे गेला, बर्न्ट सिएना असायचा त्या घराकडे, आणि अर्ध्यात थांबला. मग क्रिमसन आणि हिरवा मिसळून तिने त्याच्याच तोडीचा, पण थंड, ओलसर तपकिरी केला. बडदी दोन पायऱ्या खाली आल्या.

तेवढ्यात मागून हाक आली. काका होते. आभाळ बघून छत्री घेऊन आम्हाला शोधत निघाले होते, घरमालकिणीने तळ्याकडे बोट दाखवलं होतं. पायऱ्यांच्या तोंडाशी ते थबकले. परक्या पोरींच्या घोळक्यात, उघड्यावर, आपली वहिनी पाण्यापाशी बसलेली, हातात ब्रश. आईने मान वळवली, त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता पेटी मिटणार. तिने मान पुन्हा कागदाकडे केली आणि कुंपणाची प्रतिबिंबं ओढायला घेतली.

पहिले टपोरे थेंब पडले. मुली ओरडत शाळेकडे पळाल्या. काका भराभर पायऱ्या उतरले आणि त्यांनी छत्री आईच्या डोक्यावर धरली.

"भाऊजी, माझ्यावर नको," ती मागे न बघता म्हणाली. "कागदावर धरा."

काकांनी धरली. वारा सुटला, छत्री उलटायला बघत होती, ते दोन्ही हातांनी तिला दाबून धरत होते. आई नखशिखांत भिजली, काका भिजले, बडदी भिजल्या. आईने प्रतिबिंबांची शेवटची रेघ ओढली, ब्रश झटकला आणि पुठ्ठा बडदींच्या हातात दिला. बडदींनी चित्र छत्रीखाली वाकून पाहिलं. सोमवारपासून या, एवढंच म्हणाल्या, आणि चित्र पोटाशी धरून शाळेकडे पळाल्या.

तिघंही भिजतच घरी आलो. खोलीत बांधलेल्या ट्रंका तशाच होत्या. काका ओल्या अंगाने त्यातल्याच एकीवर बसले. आई पदर पिळत दारात उभी होती. तिने सगळं सांगितलं, नोकरीचं, बडदींचं, पहाटेच्या फुलांचं. काका ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले,

"वहिनी, दादाला ठाऊक होतं हे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही," आई म्हणाली. "तुम्हीच पहिले विचारताय."

मला त्या क्षणी बाबांचा राग आला, आणि मेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून रडूही आलं. आई मात्र ते तक्रारीने म्हणाली नव्हती. मग त्यांनी खिशातून तिकिटं काढली, पावसाने भिजू नयेत म्हणून ती रुमालात बांधली होती. एक वेगळं करून खिशात ठेवलं. दोन आईसमोर धरली.

"ही उद्या मी परत करतो," ते म्हणाले. "गावात सांगेन, पोरीची शाळा मध्येच तोडवेना, म्हणून ठेवली."

ही त्यांनी आमच्यासाठी शोधून काढलेली सोय होती. त्यांच्यासाठीही असेल. कुणाला खटकलं नसतं, कुणी वाकडा प्रश्न विचारला नसता. आईने हो म्हणावं असं मला वाटलं, सगळं इतकं सोपं झालं होतं.

"तसं नका सांगू, भाऊजी," आई म्हणाली. "शालूचं नाव पुढे करू नका. वहिनीला नोकरी लागली, ती तिथे चित्रकला शिकवते, असं सांगा."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. काकांनी ती दोन तिकिटं पुन्हा रुमालात बांधली.

"बरं," ते म्हणाले. "तसंच सांगतो."